वर्गणीचा हिशोब मांडा: विद्यापीठाच्या डीनना खुलं पत्र

माननीय डीन ऑफ स्टुडंट्स आणि पॅनहेलेनिक कौन्सिलच्या पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मार्च महिन्यात मी आपल्याला सोरोरिटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या सभासद-संघटनांच्या, खर्चाबद्दल इंग्रजीत पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं, वेळेवर आलं, त्याबद्दल आभार. त्यात दोन वाक्यं होती. सोरोरिटीचे चॅप्टर, म्हणजे कॅम्पसवरच्या शाखा, या स्वतंत्र संघटना आहेत, आणि त्यांचं शुल्क विद्यापीठ ठरवत नाही. हे उत्तर मला मान्य नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर आणि माझ्या भाषेत लिहिते आहे. आपल्याला हे पत्र वाचून दाखवणारं कुणीतरी नक्की सापडेल, कारण आपल्याकडे मराठी मुलं कमी नाहीत. पण ते त्या मुलांच्या आईवडिलांनीही वाचावं असं मला वाटतं. येत्या ऑगस्टमध्ये त्यांच्यापैकी काहींच्या मुली ‘रश’मध्ये, म्हणजे सोरोरिटीच्या निवडीच्या आठवड्यात, उतरतील, आणि मला गेल्या वर्षी जे ठाऊक नव्हतं ते त्यांनाही ठाऊक नसेल.

मी मूळची सांगलीची. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या राज्यात येऊन एकोणीस वर्षं झाली. एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रक्त काढण्याचं काम करते, बहुतेक रात्रपाळीत. नवऱ्याची नोकरी दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून तो कंत्राटावर मिळेल ते काम करतो. लेक आपल्याकडे पहिल्या वर्षाला आहे. घरापासून चार तासांवर, ओळखीचं कुणी नाही, आणि स्वभावाने बुजरी. तिने सोरोरिटीत जायचं म्हटलं तेव्हा मीच तिला होकार दिला. एवढ्या मोठ्या विद्यापीठात चार जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या तर बरंच, असं मला वाटलं. ते खोटंही ठरलं नाही. ऑक्टोबरमध्ये ती तापाने फणफणली तेव्हा तिच्याच चॅप्टरच्या दोन मुलींनी तिला रात्री दवाखान्यात नेलं आणि सकाळपर्यंत तिथे बसून राहिल्या. त्या मुलींचे उपकार मी विसरणार नाही. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

जानेवारीतल्या एका मंगळवारी रात्री मी ड्यूटीवर असताना लेकीचा मेसेज आला: ‘आई, रागावू नकोस ना. ६०० डॉलर लागतील.’ हाऊसचं, म्हणजे चॅप्टरच्या घराचं, स्वयंपाकघर आणि जिना नव्याने करायचं ते घर सांभाळणाऱ्या हाऊस कॉर्पोरेशनने ठरवलं होतं आणि त्यासाठी प्रत्येक सभासद मुलीवर ६०० डॉलरचा विशेष इमारत निधी बसवला होता. मुदत तीन आठवड्यांची. मुलींना कुणी विचारलं नव्हतं. माझी लेक तर त्या हाऊसमध्ये राहतही नाही. पहिल्या वर्षाच्या इतर मुलींसारखी ती विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते.

त्या रात्री ब्रेकमध्ये मी एका कोऱ्या कागदावर ऑगस्टपासूनचा सगळा खर्च लिहून काढला. तो इथे जसाच्या तसा देते. रशच्या नोंदणीचे ४०० डॉलर, परत न मिळणारे. रश वर्ग सुरू होण्याआधी असतो, म्हणून वसतिगृहात लवकर राहायला येण्याचे १७५. त्या आठवड्याच्या कपड्यांचे आणि चपलांचे जवळजवळ ९००. निवड झाल्यावर नव्या सभासदाचं शुल्क, दीक्षाविधीचं शुल्क आणि राष्ट्रीय संघटनेचा वाटा मिळून ६५०. संघटनेच्या पिनचे १९०. चॅप्टरचे ड्यूज, म्हणजे सभासदत्वाचं नेहमीचं शुल्क, एका सत्राला ११५०, म्हणजे वर्षाचे २३००. हाऊसमध्ये न राहणाऱ्या मुलींनी हाऊस वापरण्याचे ८००. हाऊसमधल्या जेवणाचे १७००. प्रत्येक कार्यक्रमाला वेगळा टी-शर्ट, त्याचे ४३०. ‘बिग’ आणि ‘लिटल’च्या, म्हणजे चॅप्टरमधल्या मानलेल्या थोरल्या-धाकट्या बहिणींच्या, भेटवस्तूंचे ३००. दंडाचे १००. आणि आता हे ६००.

बेरीज ८५४५ डॉलर. एका वर्षाची. यात विद्यापीठाची फी नाही, पुस्तकं नाहीत, वसतिगृह नाही.

आईवडिलांवर अवलंबून असलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारचं शैक्षणिक कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५५०० डॉलर मिळतं. आमच्या लेकीने ते पूर्ण घेतलं आहे. तिच्या शिक्षणाला सरकार जेवढं कर्ज देतं, त्याच्या दीडपटीहून जास्त पैसे एका सोरोरिटीत गेले. या देशातलं केंद्र सरकारचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवर थांबलेलं आहे. त्या दराने ८५४५ डॉलर मिळवायला सुमारे ११८० तास काम करावं लागेल, तेही कर न कापता. पूर्ण अभ्यासक्रम घेतलेल्या मुलीने एवढे तास आणायचे कुठून? आणि ज्यांनी आमच्यासारखं ‘५२९’च्या, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या, बचत खात्यात मुलांसाठी पैसे साठवले असतील त्यांनीही हे समजून घ्यावं: सोरोरिटीचे ड्यूज त्या खात्याच्या पात्र खर्चात बसत नाहीत. आमच्या टॅक्स भरणाऱ्या बाईंनी सांगेपर्यंत मलाही हे माहीत नव्हतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी, की हा आकडा आम्हाला आधी कुणीही सांगितला नाही. आपल्या संकेतस्थळावर वर्षाला ‘सरासरी सुमारे ४५००’ असं लिहिलेलं होतं. सरासरी म्हणजे काय? सगळ्या चॅप्टरची मिळून सरासरी. त्यातलं सगळ्यात महाग कोणतं, सगळ्यात स्वस्त कोणतं, कशाकशाचे पैसे त्यात धरले आहेत आणि कशाचे नाहीत, यातलं काहीच तिथे नव्हतं. आम्ही ४५०० धरून चाललो आणि तेही जड जाणार हे माहीत असून हो म्हटलं. खर्च त्याच्या दुपटीच्या जवळ गेला. घर भाड्याने घेताना, गाडी घेताना, अगदी जिमचं सभासदत्व घेतानासुद्धा कागदावर रक्कम असते.

रशच्या शेवटच्या दिवशी, ‘प्रेफरन्स’ची, म्हणजे पसंतीची शेवटची, फेरी संपल्यावर, मुलींकडून एका करारावर सही घेतात. त्या करारात बांधिलकी असते. एखाद्या चॅप्टरची बिड, म्हणजे सभासद होण्याची ऑफर, आली आणि मुलीने ती नाकारली, तर त्या कॅम्पसवर पॅनहेलेनिकच्या, म्हणजे सोरोरिटींच्या एकत्रित मंडळाच्या, दुसऱ्या कुठल्याही चॅप्टरमध्ये पुढच्या वर्षीच्या रशपर्यंत तिला जाता येत नाही. माझी लेक तेव्हा अठरा वर्षं आणि दोन महिन्यांची होती. आठवडाभर रोज पहाटे उठून, दिवसभर उन्हात या हाऊसमधून त्या हाऊसमध्ये चालून ती थकलेली होती. आजूबाजूला मुली रडत होत्या. अशा वेळी तिने सही केली, आणि तेव्हा तिच्या हातात आकड्यांचा कागद नव्हता. पुढचं तर मला फेब्रुवारीत कळलं. एकदा दीक्षाविधी झाला, की देशभरच्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समधल्या उरलेल्या सगळ्या संघटनांची दारं त्या मुलीला जन्मभरासाठी बंद होतात. म्हणजे महाग पडतंय म्हणून स्वस्त चॅप्टरमध्ये जाऊ, ही सोयच नाही. इतका पक्का निर्णय ज्या मुलीकडून करून घेता, तिला त्याची किंमत आधी सांगणं तुमचं कर्तव्य आहे.

दुसरी तक्रार वेळेबद्दल. रश वर्ग सुरू होण्याआधी का? मुलीला अजून ग्रंथालय कुठे आहे हे माहीत नसतं, एकही परीक्षा दिलेली नसते, सत्राला किती पैसे लागतात याचा अंदाज नसतो. कॉर्नेल आणि व्हर्जिनिया विद्यापीठात ही निवड पहिलं सत्र झाल्यावर होते. तोपर्यंत मुलीला कॅम्पस कळतो, दोन-चार मैत्रिणी आपल्याआपण मिळतात, आणि मग सोरोरिटी हवी की नको हे ती शांतपणे ठरवू शकते. कपड्यांचं वेडही थोडं ओसरेल असं मला वाटतं. २०२१ साली अलाबामा विद्यापीठातल्या रशचे व्हिडिओ टिकटॉकवर जगभर पोचले. अंगावरचा ड्रेस, कानातले, सँडल, एकेक वस्तू कुठल्या दुकानातली हे मुली कॅमेऱ्यासमोर सांगत होत्या. तेव्हापासून रशला येणारी प्रत्येक मुलगी ते पाहून येते. माझ्या लेकीने त्या आठवड्यासाठी सहा ड्रेस घेतले. त्यातले चार तिने परत घातलेले नाहीत. तिच्या आजीने सांगलीहून वाढदिवसाचे म्हणून पाठवलेले पैसे त्यात गेले. आजीला वाटतं, नातीने पुस्तकं घेतली.

जेवणाचं तर मला कोडंच आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांनी विद्यापीठाचा डायनिंग प्लॅन घेतलाच पाहिजे हा आपला नियम. हाऊसच्या जेवणाचे पैसे भरलेच पाहिजेत हा चॅप्टरचा नियम. एका मुलीच्या एका पोटासाठी आम्ही वर्षभर दोन ठिकाणी पैसे भरले. लेक शाकाहारी आहे, हाऊसमध्ये तिच्यासाठी बहुतेक वेळा सॅलड आणि चीजचा पास्ता असे. ती आठवड्यातून दोनदा तिथे जेवली असेल.

आणि दंड. सोमवारी संध्याकाळी चॅप्टरची बैठक असते, न येणाऱ्या मुलीला ५० डॉलर दंड. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी, त्याच वेळी, तिची रसायनशास्त्राच्या प्रयोगाची परीक्षा होती. रजेचा अर्ज ४८ तास आधी द्यायचा असतो, तिने २४ तास आधी दिला. दंड लागला. ज्या विद्यापीठाने परीक्षेची वेळ ठरवली, त्याच विद्यापीठाने मान्यता दिलेल्या संघटनेने त्या परीक्षेला बसल्याबद्दल दंड घेतला. दुसऱ्यांदा ती एका निधी संकलनाच्या कार्यक्रमाला गेली नाही, तेव्हा आणखी ५०. हे दोन्ही दंड तिने आमच्यापासून लपवले आणि क्रेडिट कार्डवर भरले. घरात पैशाची ओढाताण आहे हे तिला कळतं, म्हणून तिने लपवलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

पैसे थकले तर काय होतं हेही सांगते. थकबाकी असलेल्या मुलीला कार्यक्रमांना येता येत नाही, मत देता येत नाही, आणि पुढे सभासदत्व निलंबित होतं. फॉर्मलला, म्हणजे चॅप्टरच्या नाचाच्या समारंभाला, कोण आलं नाही हे सगळ्या मुलींना दिसतं, आणि का आलं नाही हेही कळतं. जिथे तिला बहीण म्हणून घेतलं, तिथे पैसे नाहीत म्हणून तिला बाहेर उभं राहावं लागतं.

फ्रॅटर्निटीत, म्हणजे मुलांच्या अशाच संघटनांत, मुलगे असलेल्या दोन मराठी घरांशी मी बोलले. तिथे कपड्यांचा खर्च नाही, पण ड्यूज, विमा आणि पार्ट्यांचा खर्च आहेच, आणि आईच्या जिवाला हेझिंगचा, म्हणजे नव्या सभासदांच्या छळाचा, घोर आहे तो वेगळा. त्याबद्दल त्यांनीच लिहावं.

आता आपल्या उत्तराबद्दल. चॅप्टर स्वतंत्र आहेत म्हणता. मग त्यांच्यासाठी आपल्याकडे पगारी कर्मचाऱ्यांचं एक अख्खं कार्यालय कशासाठी आहे? रशची नोंदणी आपल्या संकेतस्थळावरून का होते? नव्या विद्यार्थ्यांना पाठवलेल्या माहितीपुस्तिकेत त्या पांढऱ्या खांबांच्या घरांचे फोटो का आहेत? चॅप्टरने गैरवर्तन केलं की मान्यता काढून घेण्याचा अधिकार आपल्याकडे आहे आणि आपण तो वापरताही.

विद्यापीठ मनावर घेतं तेव्हा काय करू शकतं हे अमेरिकेने पाहिलेलं आहे. २०१३ साली अलाबामा विद्यापीठातल्या ‘क्रिम्झन व्हाइट’ या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने छापलं, की गोऱ्या मुलींच्या सोरोरिटींनी काळ्या मुलींना केवळ वर्णामुळे डावललं. तेव्हाच्या विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ‘त्या स्वतंत्र आहेत’ असं म्हणून हात झटकले नाहीत. त्यांनी संपलेली भरती पुन्हा खुली करायला लावली, आणि काही आठवड्यांत काळ्या मुली त्या घरांमध्ये सभासद झाल्या. सभासद कुणाला करायचं यात जर विद्यापीठ शब्द टाकू शकतं, तर सभासदाकडून किती पैसे घेणार हे आधी जाहीर करा एवढं सांगणं जड का जावं?

कायदाही त्याच दिशेने गेला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ‘स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्ट’वर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कोणत्या संघटनेत हेझिंग झालं हे विद्यापीठांनी आता लोकांसमोर मांडायचं आहे. संघटना स्वतंत्र आहे ही सबब तिथे चालत नाही. पैशाबद्दल असा कायदा नाही हे मला माहीत आहे. पण त्यासाठी आपल्याला कायद्याची वाट पाहायची गरज नाही.

या संघटना सुरू कशा झाल्या ते मी मुद्दाम वाचलं. १८७० साली इंडियाना ॲस्बरी या कॉलेजात, म्हणजे आजच्या डीपॉ विद्यापीठात, मुलींना प्रवेश मिळून तीनच वर्षं झाली होती. बेटी लॉक नावाच्या विद्यार्थिनीला एका फ्रॅटर्निटीतल्या मुलांनी आपली पिन लावायला देऊ केली, पण सभासदत्व मात्र दिलं नाही. नुसती शोभेची पिन तिने घेतली नाही. तिने तिघी मैत्रिणींना बरोबर घेऊन स्वतःची संघटना काढली, कप्पा अल्फा थीटा. काळ्या मुलींना कुठेच जागा नव्हती, तेव्हा १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा उभी राहिली. आपल्याकडची मुलंही त्याच वाटेने गेली. १९९८ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात भारतीय वंशाच्या मुलांनी डेल्टा एप्सिलॉन साय आणि मुलींनी कप्पा फाय गॅमा काढली. ज्यांना बाहेर ठेवलं गेलं त्यांनी स्वतःसाठी घर बांधलं, असा हा इतिहास आहे. त्याचा मला आदर वाटतो, आणि म्हणूनच आज त्याच घरांच्या दारात पैशाचा उंबरा एवढा उंच झालेला मला बघवत नाही.

आमच्याकडे याला वर्गणी म्हणतात. सांगलीत आमच्या गल्लीत गणपतीच्या आधी मुलं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत. माझे वडील एसटीत कंडक्टर होते, ते ११ रुपये देत. कोपऱ्यावरचे सराफ ५०१ देत. आरतीला दोघं शेजारी उभे राहत आणि प्रसाद सारखाच मिळे. विसर्जनानंतर मंडळाच्या फळ्यावर जमाखर्च लागायचा: मंडपाचे इतके, मूर्तीचे इतके, शिल्लक इतकी. वडील कामावरून येताना तो थांबून वाचत. आपले ११ रुपये कुठे गेले हे त्यांना कळायचं. माझ्या ८५४५ डॉलरचा जमाखर्च मला कुणी दाखवलेला नाही. मी तो दोनदा मागितला. चॅप्टरच्या खजिनदार मुलीने नम्रपणे कळवलं, की तो फक्त हाऊस कॉर्पोरेशनला पाहता येतो. ती बिचारी वीस वर्षांची आहे, तिच्यावर माझा राग नाही.

माझ्या मागण्या या आहेत.

प्रत्येक चॅप्टरचा पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च, एकेक बाब मांडून, रशची नोंदणी सुरू होण्याआधी आपल्या संकेतस्थळावर लावा. सरासरी नको. त्यात सक्तीचे टी-शर्ट, जेवण, पिन, दंडाचे दर, सगळं असावं. दुसऱ्या वर्षी हाऊसमध्ये राहण्याची सक्ती असेल तर तिचा आकडाही तिथेच असावा. आणि करारावर सही घेण्याआधी त्या चॅप्टरचा हा कागद मुलीच्या हातात द्या, तो आईवडिलांना दाखवायला तिला एक रात्र मिळू द्या.

एकदा जाहीर केलेली रक्कम त्या शैक्षणिक वर्षात वाढवू नये. इमारतीसाठी पैसे हवे असतील तर पुढच्या वर्षाच्या खर्चात धरून आधी सांगा. यंदा बसवलेला ६०० डॉलरचा निधी, निदान हाऊसमध्ये न राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलींना, परत मिळावा.

विद्यापीठाचा डायनिंग प्लॅन असलेल्या मुलीवर हाऊसच्या जेवणाची सक्ती नको. वर्ग, परीक्षा, आजारपण किंवा नोकरीची पाळी यामुळे गैरहजर राहिलेल्या मुलीला दंड नको, अर्ज कितीही उशिरा आला तरी.

ज्या मुलींना कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची सरकारी पेल ग्रँट मिळते त्यांच्यासाठी प्रत्येक चॅप्टरने काही जागा ड्यूजशिवाय ठेवाव्यात. हप्त्याने भरणाऱ्यांकडून जास्तीचे पैसे घेऊ नयेत. आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येक चॅप्टरचा जमाखर्च सभासद मुलींना आणि त्यांच्या पालकांना पाहायला मिळावा.

रश दुसऱ्या सत्रात नेण्याची मागणी सगळ्यात अवघड आहे हे मला कळतं, यंदा ते होणार नाही. पण त्यासाठी एक समिती नेमा, आणि तिच्यावर पालकांना, नोकरी करून शिकणाऱ्या मुलींना आणि सोरोरिटी सोडून गेलेल्या मुलींना घ्या. सोडून गेलेल्या मुलींचं म्हणणं ऐकायला कुणी बसलंय असं मी अजून पाहिलेलं नाही.

माझ्या लेकीने सोरोरिटी सोडलेली नाही. तो तिचा निर्णय आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. सध्या ती आठवड्यातले १६ तास कॅम्पसवरच्या कॉफीच्या दुकानात काम करते आणि जानेवारीचे ६०० डॉलर स्वतःच्या पगारातून फेडते आहे. मी हे पत्र लिहिणार हे तिला सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली. मग म्हणाली, ‘आई, माझं नाव घालू नकोस. पण लिही.’

पुढच्या सत्राचं बिल १ ऑगस्टला येतं. आपलं उत्तर त्याआधी यावं ही विनंती. भेटीला बोलावलंत तर रात्रपाळी संपवून, चार तास गाडी चालवून मी येईन, आणि खर्चाचा तो कागद बरोबर आणीन.

कळावे,

आपली नम्र,
पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीची आई